जमीन पक्की करणारी यंत्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुरूम, भराव, काळी माती किंवा खाडीचा चिखल यांवर पाया घालताना कोणते यंत्र आणायचे, ते कसे चालवायचे आणि काम नीट झाले हे कसे ओळखायचे, याबद्दल घर बांधणारे, छोटे कंत्राटदार आणि साइट इंजिनिअर सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे नेहमीच्या कामांसाठी आहेत. बहुमजली इमारत, टाकी किंवा पूल असेल तर मातीचा अहवाल आणि डिझाइन तज्ज्ञाकडूनच करून घ्या.

१. जमीन पक्की करायची म्हणजे रोलर फिरवायचा, एवढेच ना?

नाही. नेहमीच्या रोलरचा परिणाम वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास संपतो. खाली आठ मीटर चिखल असेल तर वर महिनाभर रोलर फिरवूनही इमारत खचायची ती खचतेच.

मातीतली हवा दाबून काढायची असेल तर रोलर, प्लेट आणि रॅमर लागतात. चिकणमातीतले पाणी काढायचे असेल तर उभे निचरा-पट्टे (पीव्हीडी) आणि वर भराव लागतो. मऊ मातीत ताठ खांब उभे करायचे तर व्हायब्रो प्रोब (थरथरत जमिनीत जाणारे नळकांडे) आणि खडी. मातीचा स्वभावच बदलायचा असेल तर चुना, आणि पोकळी भरायची असेल तर ग्राउट (सिमेंटचा पातळ घोळ) भरणारा पंप.

एक साधा उपाय मात्र अनेकदा विसरला जातो. वाईट माती दीड-दोन मीटरच असेल तर पोकलेनने ती काढून टाकणे आणि चांगला मुरूम थराथराने भरणे हेच बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पडते.

२. यंत्र ठरवण्याआधी कोणत्या चाचण्या करू?

घरासाठी किमान दोन ठिकाणी दोन ते तीन मीटर खोल खड्डे घ्या आणि थर डोळ्यांनी पाहा. मोठ्या कामाला बोअर घेऊन एसपीटी (जमिनीत नळी ठोकून घट्टपणा पाहण्याची चाचणी) करतात. यात ६३.५ किलोचा हातोडा ७५० मिमीवरून पाडून ठोके मोजले जातात.

काळी माती दिसली तर फ्री स्वेल चाचणी चुकवू नका. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली १० ग्रॅम माती पाणी भरलेल्या १०० मिलीच्या नळकांड्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्या नळकांड्यात रॉकेलमध्ये. २४ तासांनी दोन्हीकडच्या मातीची घनता नव्हे, घनफळ वाचायचे. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १८ मिली असेल तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेला की नेहमीचा उथळ पाया घालण्याआधी थांबून विचार करा (प्रश्न ९ पाहा).

भरावासाठी आणायच्या मुरमाची प्रॉक्टर चाचणी (कोणत्या ओलाव्याला माती सर्वांत घट्ट बसते ते काढणारी) करून घ्या. ती नसेल तर दबाई किती झाली हे नंतर कशाशीच ताडून पाहता येत नाही.

३. मुरमाला आणि चिकणमातीला एकच रोलर चालेल का?

मुरूम, वाळू, खडी यांचे कण थरथराटाने हलतात आणि एकमेकांच्या फटीत बसतात. त्यांना गुळगुळीत ड्रमचा व्हायब्रेटरी रोलर योग्य. आपल्याकडे १० ते ११ टनांचा जास्त मिळतो. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून असतात आणि थरथराट त्यांना सोडवत नाही. त्यांना मळणारा दाब हवा, म्हणून पायांचा रोलर, म्हणजे शीपफूट किंवा पॅडफूट. त्याचे पाय थराच्या तळापासून दाबत वर येतात. पहिल्या फेरीत ते खोल रुततात, नंतर हळूहळू वर चालू लागतात. पाय वर येतच नसतील तर माती जास्त ओली आहे किंवा रोलर तिला पेलत नाही इतका जड आहे.

चिकणमातीवर गुळगुळीत ड्रम फिरवला की वर चकचकीत कवच तयार होते आणि खाली ढेकळे तशीच राहतात. शिवाय त्या गुळगुळीत पृष्ठभागावर पुढचा थर चिकटत नाही. तसा थर झालाच असेल तर वरचे ४०-५० मिमी खरवडून, ओले करून मगच पुढचा थर टाका.

जुने तीन चाकांचे ८-१० टनी स्थिर रोलर सोलिंग बसवायला आणि शेवटचा हात फिरवायला चांगले आहेत. खोल दबाईची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका.

४. थर किती जाड टाकायचा आणि किती फेऱ्या मारायच्या?

१० टनी व्हायब्रेटरी रोलरसाठी दबाई झाल्यावर २०० मिमी राहील असा थर धरा. मुरूम साधारण २५० मिमी सैल पसरला की तो २०० च्या आसपास बसतो, पण हे प्रमाण मुरमागणिक बदलते. कामाच्या सुरुवातीला ३० मीटरची चाचणी-पट्टी करा आणि ४, ६, ८ फेऱ्यांनंतर घनता मोजा. ज्या फेरीनंतर घनता वाढायची थांबते तिथे थांबा. बहुधा ६ ते ८ फेऱ्या पुरतात.

पहिल्या एक-दोन फेऱ्या व्हायब्रेशन बंद ठेवून, मग जास्त आंदोलनाने (ड्रमची थरथर मोठी), शेवटच्या फेऱ्या कमी आंदोलनाने. वेग ताशी ३ ते ४ किलोमीटर. वेग दुप्पट केला की प्रत्येक जागी बसणारे ठोके निम्मे होतात, आणि फेऱ्या मात्र वहीत तेवढ्याच दिसतात. कडेपासून मध्याकडे या, शेजारच्या पट्ट्यावर २०० मिमी चढवून घ्या. रोलर जागेवर उभा असताना व्हायब्रेशन चालू ठेवू नका. तिथे खड्डा पडतो.

घनता पुरेशी झाल्यावरही फिरवत राहिलात तर ड्रम उड्या मारू लागतो, वरचा थर सैल होतो आणि मऊ मुरमाचा भुगा होतो. ड्रमचा आवाज धातूसारखा कडक झाला की समजा, पुरे.

उत्पादनाचा हिशेब: उपयोगी रुंदी १.९ मीटर, ताशी ३,००० मीटर, प्रत्यक्ष कामाचा वाटा ७५ टक्के, ८ फेऱ्या. म्हणजे तासाला सुमारे ५३० चौरस मीटर, २०० मिमी थरात जवळपास १०५ घनमीटर. डंपर आणि टँकर याच हिशेबाने लावा, नाहीतर रोलर भाड्याने उभा राहतो.

५. पाणी किती मारायचे? टँकरवाला अंदाजाने मारतो.

अंदाजाची गरज नाही. प्रॉक्टर चाचणीतून योग्य ओलावा (ओएमसी) कळतो. तो ११ टक्के आहे आणि आलेल्या मुरमात ५ टक्के ओल आहे असे धरू. १०० चौरस मीटरवर २०० मिमी थर म्हणजे २० घनमीटर. कोरडी घनता घनमीटरला १.९ टन धरली तर ३८ टन कोरडी माती. तिच्या ६ टक्के म्हणजे सुमारे २,३०० लिटर. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी काम असेल तर उडून जाणाऱ्या पाण्यासाठी १०-१५ टक्के जास्त धरा, किंवा काम सकाळी उरका.

पाणी थरावर ओतून लगेच रोलर नेऊ नका. वरचा चिखल होतो, खालचा भाग कोरडाच राहतो. खदानीतच भिजवून आणणे उत्तम; ते जमत नसेल तर पसरलेल्या थरावर मारा, ग्रेडरने किंवा नांगराने उलटापालट करा, थोडे मुरू द्या, मग दबाई करा. ओलावा ओएमसीच्या १ टक्का वर ते २ टक्के खाली असला की चालते. काळ्या मातीसारख्या फुगणाऱ्या मातीला मात्र कोरड्या बाजूला दाबू नका. कोरडी दाबलेली माती नंतर जास्त पाणी पिते आणि जास्त फुगते.

६. प्लिंथच्या आत रोलर जात नाही. प्लेट घेऊ की रॅमर? की पाणी भरून ठेवले तरी चालते?

मुरूम, कच, वाळू असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर. ८० ते १०० किलोची प्लेट १०० ते १५० मिमीचा थर नीट बसवते, ३ ते ४ फेऱ्यांत. माती चिकट असेल किंवा जागा अरुंद असेल (पाइपाचा चर, कॉलमच्या भोवतीचा खड्डा) तर ६० ते ७५ किलोचा रॅमर. तो मिनिटाला ६०० च्या वर ठोके देतो आणि १५० मिमीपर्यंतच्या थराला पुरतो. हाताचे धुम्मस कोपऱ्यांसाठीच, आणि तेही ७५ ते १०० मिमी थराला.

पाणी भरून ठेवण्याची पद्धत गावोगाव चालते, पण तिच्यामुळेच सगळ्यांत जास्त फरश्या बसतात. स्वच्छ वाळू पाण्याने बऱ्यापैकी बसते, कारण पाणी तिच्यातून निघून जाते. मातीमिश्रित मुरूम नुसता भिजतो, ढेकळे मऊ होतात, पाणी खाली साचते. काही महिन्यांनी तो वाळला की फरशीखाली पोकळी उरते. जोत्याच्या पूर्ण उंचीचा मुरूम एकदम टाकून वर पाणी सोडणे कोणत्याही परिस्थितीत करू नका. दीड फुटाचा भराव असेल तर तीन ते चार थर झालेच पाहिजेत.

भिंतीलगत एक मीटरच्या पट्ट्यात मोठा रोलर नेऊ नका, तिथे प्लेटच. जोत्याची भिंत किंवा राखण भिंत ताजी असेल तर दोन्ही बाजूंचा भराव बरोबरीने वर आणा, नाहीतर दाबाने भिंत ढकलली जाते.

७. दबाई पुरेशी झाली हे कसे तपासायचे? टाचेने दाबून कळते का?

टाचेने फक्त वरचा इंचभर कळतो. मुरमासाठी वाळू-प्रतिस्थापन चाचणी, म्हणजे सँड रिप्लेसमेंट, आणि दगड नसलेल्या चिकण मातीसाठी कोअर कटर (थरात ठोकून नमुना काढायचे नळकांडे).

वाळूची चाचणी अशी: थरात १५० मिमी व्यासाचा खड्डा काढा, निघालेली सगळी माती पिशवीत घेऊन वजन करा, खड्ड्यात घनता माहीत असलेली वाळू सोडून घनफळ काढा. समजा ओली माती ३.६० किलो आणि खड्डा १,७६७ घनसेंमी भरला. ओली घनता २.०४. ओलावा १२ टक्के निघाला तर कोरडी घनता १.८२. प्रयोगशाळेतली कमाल १.९० असेल, तर दबाई ९५.८ टक्के.

रस्त्याच्या भरावाला ९५ आणि वरच्या सबग्रेडला (रस्त्याच्या थरांखालच्या शेवटच्या मातीला) ९७ टक्के मागतात, आणि ते जड प्रॉक्टरच्या तुलनेत. इथे एक फसगत नेहमी होते. हलक्या प्रॉक्टरमध्ये २.६ किलोचा हातोडा ३१० मिमीवरून पडतो, जड प्रॉक्टरमध्ये ४.९ किलोचा ४५० मिमीवरून. हलक्या चाचणीची कमाल घनता कमी येते, म्हणून तिच्याशी ताडले की तोच थर १०० टक्के दाखवतो. अहवालात कोणती चाचणी वापरली हे आधी वाचा.

चाचणीची जागा रोलरवाल्याला निवडू देऊ नका. कडेला, कोपऱ्यात, पाइपाच्या चराजवळ घ्या. दोष तिथेच असतो.

८. रोलर फिरवला की जमीन गादीसारखी हलते. आणखी फेऱ्या मारू का?

मारू नका. ओलावा इतका आहे की माती दबत नाही, नुसती एका बाजूने खाली आणि दुसऱ्या बाजूने वर होते. प्रत्येक जादा फेरीने ती आणखी मऊ होते. व्हायब्रेशन चालू असेल तर खालचे पाणीही वर खेचले जाते.

आधी कारण शोधा. वरचाच थर ओला असेल तर उकरून, उलटापालट करून उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. खालची मूळ जमीन ओली असेल तर कितीही थर चढवले तरी दोष वर येत राहतो. तिथे मऊ भाग काढा, विणलेले जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचे कापड) अंथरा, त्यावर ३०० ते ४५० मिमी दगड-खडी टाकून स्थिर रोलरने बसवा आणि मग भराव सुरू करा. पावसाळ्यात भराव करावाच लागला तर रोज संध्याकाळी थराला २-३ टक्के उतार देऊन गुळगुळीत ड्रमने बंद करा, म्हणजे रात्रीचे पाणी वाहून जाते. सैल पसरलेला थर रात्रभर उघडा ठेवू नका.

९. आमचा प्लॉट काळ्या मातीत आहे. रोलर की पाइल?

काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट खनिज पाणी धरते. दाबून हा स्वभाव जात नाही. उलट कोरडी, घट्ट दाबलेली काळी माती अधिक जोराने फुगते. म्हणून इथे रोलरचे काम मूळ जमीन दाबणे नसून वर टाकलेला मुरूम दाबणे हे आहे.

माती उथळ असेल तर ती पूर्ण काढून पाया मुरमावर किंवा खडकावर टेकवा. विदर्भ-मराठवाड्यात अनेक ठिकाणी एक ते तीन मीटरवर मुरूम लागतो. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी कंदासारखा फुगीर पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रुजवली. यंत्रसामग्री साधी आहे: भोक सरळ राहावे म्हणून मार्गदर्शक चौकट, स्पायरल ऑगर, आणि अंडर-रीमर, ज्याची पाती खाली दाबली की उघडतात आणि भोकाच्या तळाशी कंद कापतात. कंदाचा व्यास दांड्याच्या अडीचपट, म्हणजे ३०० मिमीच्या पाइलला ७५० मिमी. खोली किमान साडेतीन मीटर, कारण मोसमी ओलावा बदलतो त्याच्या खाली कंद रोवला गेला पाहिजे.

तीन ठिकाणी काम बिघडते. पहिले, अंडर-रीमर पूर्ण उघडला की नाही हे कोणी पाहत नाही. बादलीत माती येणे थांबेपर्यंत फिरवायचे आणि दांड्यावरची खूण मोजायची. दुसरे, कंद कापून काँक्रीट दुसऱ्या दिवशी, तोवर कंद ढासळलेला. काँक्रीट त्याच दिवशी झाले पाहिजे. तिसरे, ग्रेड बीम (पाइलांना जोडणारे जमिनीलगतचे बीम) थेट मातीवर ओततात. बीमखाली किमान ८० मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर पाइल जागेवर राहते आणि फुगणारी माती बीमच उचलते.

१०. काळ्या मातीवर फरशीखाली वाळू भरली तर फुगवटा शोषला जाईल ना?

उलट होते. वाळू पाणी साठवते आणि ते सगळीकडून काळ्या मातीला पाजते. हवा तो चिकटपणा असलेला पण न फुगणारा थर, ज्याला सीएनएस म्हणतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी ही कल्पना मांडली आणि काळ्या मातीतल्या कालव्यांवर ती वापरली गेली. चांगला, थोडी चिकणमाती असलेला मुरूम हे काम करतो. त्याचा फ्री स्वेल आधी तपासा. जाडी साधारण एक मीटर, १५० मिमीच्या थरांत, ओएमसीवर दबाई करून. इमारतीभोवती दीड ते दोन मीटर रुंद पक्का ओटा काढा आणि छताचे पाणी त्याच्या बाहेर सोडा.

११. काळ्या मातीत चुना मिसळायला रोटाव्हेटर चालेल का?

अंगण, गावरस्ता, शेड यांसाठी चालेल. मोठ्या कामाला ३०० मिमीपर्यंत खोल मिसळणारे स्टॅबिलायझर यंत्र घ्या, कारण रोटाव्हेटरची पाती वरच्या १५० मिमीपलीकडे एकसारखी पोचत नाहीत आणि खाली चुना न मिळालेला थर राहतो.

प्रमाण प्रयोगशाळेतून ठरते. बहुधा कोरड्या वजनाच्या ३ ते ५ टक्के. ४ टक्क्यांसाठी २०० मिमी थरात चौरस मीटरला सुमारे १२ किलो, म्हणजे २५ किलोची पिशवी साधारण दोन चौरस मीटरला. पिशव्या चौकटी आखून ठेवा, फोडा, दाताळ्याने पसरा, पाणी मारा, मिसळा. हलकी दबाई करून एक दिवस मुरू द्या; ढेकळे भुसभुशीत होतात. पुन्हा मिसळा, सगळी माती २६.५ मिमी चाळणीतून आणि ८० टक्के ५.६ मिमीतून जाईल इतकी बारीक झाली पाहिजे. मग आधी पॅडफूट, शेवटी गुळगुळीत ड्रम, आणि सात दिवस ओल राखणे.

उघड्यावर आठवडाभर पडलेला चुना हवेने मरतो; तो वापरू नका. मातीत सल्फेट जास्त असेल तर चुन्याने नवाच फुगवटा तयार होतो, म्हणून ती चाचणी आधी. मजुरांना गॉगल, हातमोजे आणि बूट दिल्याशिवाय हे काम सुरूच करू नका. डोळ्यांत गेलेल्या चुन्याने दृष्टी जाऊ शकते.

१२. खाडीकाठच्या चिखलात खडीचे खांब करू की पीव्हीडी?

उरण, पनवेल, ठाणे, वसईच्या खाडीपट्ट्यात सागरी चिकणमातीचे जाड थर आहेत. वेळ हातात असेल आणि क्षेत्र मोठे असेल (कंटेनर यार्ड, रस्ता, धावपट्टी) तर पीव्हीडी आणि भराव स्वस्त पडतो. वेळ नसेल आणि भार मध्यम असेल (टाक्या, गोदाम, पुलाचा जोडभराव) तर खडीचे खांब. ७ ते ५० किलोपास्कल निचरारहित कातरबल (पाणी निघून न जाता घसरण्याला तोंड द्यायची ताकद) असलेल्या मातीत ते काम करतात. त्याहून मऊ मातीत खडीला बाजूने आधार मिळत नाही आणि ती पसरत जाते. जड बहुमजली इमारतीला दोन्ही पुरत नाहीत. तिथे खडकापर्यंत पाइल.

१३. खडीच्या खांबांसाठी साइटवर नेमके काय काय लागते आणि गडबड कुठे होते?

मुख्य यंत्र व्हायब्रोफ्लॉट: ३०० ते ४५० मिमी व्यासाचे, आत विषम वजन फिरवणारे लांब नळकांडे. ते क्रेनला किंवा रिगला लटकते. सोबत जनरेटर, लोडर, खडीचा साठा आणि खोली व विद्युतप्रवाह नोंदणारे यंत्र. ओल्या पद्धतीत मोठा पाणीपंप आणि गढूळ पाणी निवळायला टाक्या लागतात. कोरड्या, खालून खडी सोडणाऱ्या पद्धतीत काँप्रेसर आणि खडीची नळी. भोक ढासळणाऱ्या मऊ चिखलात आणि वस्तीत हीच पद्धत घ्या.

चालण्यासाठी आधी ५०० मिमीचा मुरूम-खडीचा प्लॅटफॉर्म करा. रिग कलंडण्याचे अपघात बहुधा प्लॅटफॉर्म कच्चा असल्यानेच होतात.

प्रोब ठरलेल्या खोलीपर्यंत जातो, मग ३०० ते ५०० मिमी वर घेऊन खडी सोडतात आणि पुन्हा खाली दाबतात. ठरलेला अँपिअर गाठला, म्हणजे खडी घट्ट बसली, की पुढचा टप्पा. खडी २० ते ७५ मिमी, वेगवेगळ्या आकारांची, कठीण आणि धुतलेली.

हिशेब ठेवा. ८०० मिमीच्या खांबाचे क्षेत्रफळ ०.५० चौमी, मीटरला सैल खडी ०.६५ घनमीटरच्या आसपास जाते. ती ०.४५ गेली तर त्या खोलीवर खांब बारीक झाला आहे, पुन्हा करा. एकदम १.५ गेली तर तिथे सेंद्रिय गाळ किंवा अतिमऊ थर आहे आणि डिझाइनरला कळवा. त्रिकोणी मांडणीत २ मीटर अंतर ठेवले तर ८०० मिमीचे खांब सुमारे १४.५ टक्के जमीन व्यापतात.

सर्वांत नेहमीची चूक घाईने प्रोब उचलण्याची. दुसरी, जनरेटर कमी क्षमतेचा. व्होल्टेज पडले की अँपिअरचे वाचन फसवे येते. खांबांचा वरचा अर्धा-एक मीटर आधाराअभावी सैलच राहतो. तो रोलरने दाबा आणि वर ५०० मिमी खडीची चादर द्या. मग एका खांबावर आणि तीन खांबांच्या गटावर भार चाचणी: डिझाइन भाराला एकट्या खांबाची बसण १० ते १२ मिमी, गटाची २५ ते ३० मिमीच्या आत.

१४. पीव्हीडीचे अंतर थोडे वाढवले तर पैसे वाचतील. काय बिघडते?

वेळ. दहा मीटर चिखलाचा निचरा वर आणि खाली दोन्हीकडे होत असेल आणि त्याचा उभा सांद्रीकरण गुणांक (पाणी निघून माती बसण्याचा वेग) वर्षाला १ चौमी असेल, तर पट्ट्यांशिवाय ९० टक्के बसण व्हायला सुमारे २१ वर्षे लागतात. १०० मिमी रुंद, ४ मिमी जाड पट्टे त्रिकोणी मांडणीत घातले आणि आडवा गुणांक २ धरला, तर १ मीटर अंतराला जवळपास ४ महिने, १.२ मीटरला ६ आणि १.५ मीटरला १० महिन्यांहून अधिक. हे आदर्श गणित आहे. मँड्रेलने (पट्टा खाली नेणाऱ्या पोकळ नळीने) भोवतालची माती चोळली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त वेळ धरा.

स्टिचर, म्हणजे पट्टे घालणारे यंत्र, पोकलेनवर बसवलेला असतो. मँड्रेल शक्य तितका बारीक घ्या, छेद ६५-७० चौसेंमीच्या आत, म्हणजे चोळली जाणारी माती कमी. पट्टा खाली अडकवून ठेवणारी तळाची नांगर-पट्टी निसटली तर पट्टा मँड्रेलबरोबर वर येतो. तो ओढून सरळ करत बसू नका, शेजारी नवा घाला. वर कडक कवच असेल तर ऑगरने आधी भोक पाडा. पट्टा वाळूच्या चादरीवर २०० मिमी सोडून कापा, आणि ती चादर चिखलाने माखू देऊ नका. ती तुंबली की खालचे सगळे पट्टे बिनकामी.

वरचा भराव टप्प्याटप्प्याने. एकदम चढवला तर चिखल बाजूला सरकतो. बसण-पट्ट्या आणि पिझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारे) रोज वाचा, कडेची जमीन वर येते का पाहा. भराव काढायची तारीख करारातल्या महिन्यांवरून ठरवू नका, बसणीच्या आलेखावरून ठरवा.

१५. उंचावरून जड वजन आपटून जमीन बसवतात, ते आपल्याकडे चालेल?

वाळू, दगड-मातीचा जुना भराव, खाणीचा कचरा असेल तर उत्तम. खोलीचा अंदाज वजन (टन) गुणिले उंची (मीटर) यांच्या वर्गमुळाच्या निम्मा: १५ टन २० मीटरवरून टाकले तर साधारण साडेआठ मीटर. ओल्या चिकणमातीत उपयोग नाही. वस्तीजवळ नको, हादरे दूरवर जातात.

१६. घर बांधून झाले, भिंतींना तडे जातात. ग्राउटिंग करणारे म्हणतात पाया पक्का करून देतो. खरे का?

पायाखाली सैल भराव, पोकळी किंवा धुऊन गेलेली वाळू असेल तर खरे. काळी माती असेल तर नाही. साध्या सिमेंटचे कण जाड वाळूपेक्षा बारीक मातीत शिरतच नाहीत; दाब वाढवला की ग्राउट माती फाडून वाट काढते आणि फरशी उचलते.

आधी तडे पाहा. उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात, तर दोष काळ्या मातीचा. गळकी पाइपलाइन, भिंतीलगतचे मोठे झाड, ओट्याशिवायची पागोळी ही कारणे आधी दूर करा.

ग्राउटिंग योग्य असेल तर संच असा हवा: वेगाने फिरणारा कोलॉइडल मिक्सर, ढवळत ठेवणारी टाकी, पंप, परतीची नळी, पॅकर (छिद्र बंद करणारे बूच) आणि छिद्राच्या तोंडाशी दाबमापक. दाबमापक फक्त पंपावर असेल तर काम घेऊ नका. दाब खोलीच्या मीटरला ०.२ ते ०.२५ बार, त्याहून जास्त नको. आधी एकाआड एक छिद्रे, मग मधली. लेव्हल यंत्राने फरशी सतत पाहत राहा. १-२ मिमी उचलली की थांबा.

१७. रोलरमुळे शेजाऱ्यांच्या घराला तडे जातात अशी तक्रार आली.

काम सुरू करण्याआधी शेजारच्या घरांचे तड्यांसह फोटो तारखेसह काढा आणि त्यांच्या सह्या घ्या. त्याने नंतरचे भांडण टळते. घराजवळच्या पट्ट्यात व्हायब्रेशन बंद करून पातळ थर आणि जास्त फेऱ्या घ्या, किंवा प्लेट वापरा. जुन्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंती असतील तर आणखी लांबूनच थांबा. घनता तपासणी नेहमीसारखीच (प्रश्न ७).

१८. भाड्याचा रोलर आला. घेण्याआधी काय बघू?

ड्रम आणि चौकटीमधले रबर बफर फाटले असतील तर थरथराट जमिनीत न जाता यंत्रात जातो. हा दोष सर्वांत जास्त सापडतो. ड्रमची माती खरवडणारी पट्टी जागेवर आहे का, मागच्या टायरांत हवा समान आहे का, जास्त-कमी आंदोलनाचा बदल खरोखर होतो का ते पाहा. टॅकोमीटरने कंपनसंख्या मोजा. १०-११ टनी रोलरात ती साधारण ३० हर्ट्झ असते. हायड्रॉलिक तेल गरम झाल्यावर ती पडत असेल तर पंप झिजला आहे. म्हणून चाचणी सकाळी पाच मिनिटे नको, तासभर चालवून घ्या. रिव्हर्स हॉर्न आणि ब्रेक नसतील तर रोलर परत पाठवा.

१९. प्लॉटमध्ये जुनी विहीर बुजवलेली आहे, आणि अर्धा प्लॉट खडकावर आहे. अशा ठिकाणी काय?

विहिरीवर कॉलम येऊ देऊ नका. आराखडा हलवता आला तर तोच उत्तम उपाय. नाहीच तर जुना कचरा काढा. बंद विहिरीत विषारी वायू किंवा प्राणवायूची कमतरता असते, म्हणून वायुमापकाने तपासल्याशिवाय आणि दोराशिवाय कोणालाही उतरवू नका. पाणी उपसून गाळ काढा. पाण्याच्या पातळीखाली दबाई होत नाही, म्हणून तिथे स्वच्छ दगड-खडीच भरा. तिच्यावर जिओटेक्स्टाइल अंथरा, नाहीतर वरचा मुरूम हळूहळू खडीत उतरतो. वर १५० मिमीच्या थरांत मुरूम, रॅमरने, प्रत्येक थर तपासून. कॉलम टाळता आला नाही तर भार दोन्ही बाजूंच्या मूळ जमिनीवर नेणारा बीम डिझाइनरकडून घ्या.

अर्धा भाग खडकावर असेल तर खडकावरचा पाया बसत नाही आणि भरावावरचा बसतो. तडा बरोबर सीमारेषेवर पडतो. शक्य असेल तर सगळे पाया खडकापर्यंत न्या. एकमजली शेडसारख्या हलक्या बांधकामात खडक पायाखाली ३०० मिमी फोडून तिथेही तोच दाबलेला मुरूम द्या. लांब इमारत असेल तर सीमारेषेवर पायापासून छतापर्यंत सांधा ठेवा. फक्त भिंतीत सांधा ठेवून पाया अखंड ओतला तर त्याचा उपयोग नाही.